कवटीचा टी-शर्ट

चित्रपट मला आवडला, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं वाचून कुणाला वाटायचं की मारामारीच्या सिनेमांना नाकं मुरडणाऱ्यांपैकी हा एक. मी तसा मुळीच नाही. 

चित्रपट म्हणजे २००४ सालचा 'द पनिशर'. दिग्दर्शक जोनाथन हेन्स्ले, नायक थॉमस जेन आणि खलनायक जॉन ट्रॅव्होल्टा. समीक्षकांनी तेव्हा त्याला फारसं जवळ केलं नव्हतं. पात्र मार्व्हलच्या कॉमिक्समधलं, म्हणजे स्पायडरमॅनच्या घराण्यातलं, पण सुपरहिरोचे नेहमीचे थाट इथे नाहीत. हा उडत नाही, भिंतीवर चढत नाही, याच्या अंगात कसलीही दैवी शक्ती नाही. याच्याकडे आहेत बंदुका, सुऱ्या, दारूची बाटली आणि एक कवटीचा टी-शर्ट.

गोष्ट सरळ आहे. फ्रँक कॅसल हा एफबीआयचा माणूस. निवृत्तीआधीच्या शेवटच्या कामगिरीत हॉवर्ड सेंट नावाच्या धनदांडग्या गुन्हेगाराचा मुलगा मारला जातो. सेंट बदला घ्यायचं ठरवतो. त्याची बायको लिव्हिया म्हणते, एकटा कॅसल नको, त्याचं अख्खं कुटुंब हवं. प्वेर्तो रिकोत कॅसलचे सगळे नातेवाईक स्नेहसंमेलनासाठी जमलेले असतात. तिथे बायको, मुलगा, आईवडील, सगळ्यांची कत्तल होते. कॅसल तेवढा वाचतो. त्याआधी मुलाने त्याला एक काळा टी-शर्ट भेट दिलेला असतो. छातीवर पांढरी कवटी. विकणाऱ्याने मुलाला सांगितलेलं असतं की याने दुष्ट शक्ती दूर राहतात.

थोडक्यात काय, दृष्ट लागू नये म्हणून दिलेली भेट. आपल्याकडे ट्रकच्या मागे काळी बाहुली लटकते किंवा बांधकाम चालू असलेल्या घरावर राक्षसाचा मुखवटा टांगतात, त्याच जातीची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मला आवडलेला प्रसंग. कॅसल सेंटच्या एका फुटकळ माणसाला पकडून उलटा टांगतो. गॅसची जळती बत्ती दाखवतो आणि माणसाचं मांस जळताना काय काय होतं ते शांतपणे समजावतो. मग मागे जाऊन त्याच्या पाठीला काहीतरी टेकवतो. चर्र आवाज, जळक्या मांसाचा वास, माणूस जीव खाऊन ओरडतो. प्रत्यक्षात पाठीला टेकवलेली असते एक बर्फाची कांडी. आणि बाजूला जळत असतो तो मटणाच्या दुकानातला तुकडा! मी खो खो हसलो. परत मागे नेऊन बघितला, परत हसलो.

हसून झाल्यावर मात्र एक गोष्ट डोक्यात राहिली. हा माणूस एका असहाय्य माणसाचा छळ करतोय, आणि कांडी आहे म्हणून तो विनोद आहे. पण टांगलेल्याला थोडंच माहीत आहे की ती कांडी आहे?

पुढे तर कांडीचीही सवलत नाही. कॅसल सेंटला सरळ मारत नाही. सेंटची बायको आणि त्याचा जिवलग मित्र यांचं लफडं आहे असा तो बनाव रचतो. कानातल्या कुड्या इकडच्या तिकडे ठेवतो, खोटा फायर हायड्रंट नेऊन ठेवतो म्हणजे बाईसाहेबांच्या गाडीवर भलत्या जागी पार्किंगचा दंड लागावा. सेंटचा संशय पेटतो. तो मित्राला भोसकतो आणि बायकोला पुलावरून रुळांवर फेकतो. मग कॅसल त्याला सांगतो की हे सगळं खोटं होतं. दोघंही कत्तलीला जबाबदार होते, हे खरं. पण मेले ते न केलेल्या गुन्ह्यासाठी. आणि शेवटी वरून दाखवलेल्या दृश्यात जळणाऱ्या मोटारींच्या ज्वाळांची कवटी तयार होते तेव्हा माझ्यासारखा शाकाहारी मनाचा माणूसही सोफ्यावर पुढे सरकून बसलेला असतो.

हा आनंद कुठून येतो? म्हणून या कवटीवाल्याचा इतिहास थोडा खणला. निघालं ते चित्रपटापेक्षा मोठं होतं.

*

अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्सवर मोठं वादळ आलं. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहून सांगितलं की कॉमिक्स वाचून मुलं बिघडतात. सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या. (वर्थमने आपल्या पुराव्यांत बऱ्याच ठिकाणी फेरफार केला होता, हे कॅरोल टिली या संशोधिकेने त्याची कागदपत्रं तपासून २०१२ साली दाखवून दिलं. पण तोवर अठ्ठावन्न वर्षं उलटून गेली होती!) सरकारने बडगा उगारण्याआधी प्रकाशकांनी स्वतःच एक नियमावली केली, तिचं नाव कॉमिक्स कोड. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं चित्रण नको. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही नको. आणि प्रत्येक गोष्टीत चांगल्याचा वाईटावर विजय झालाच पाहिजे. या नियमांत बसणाऱ्या अंकावर शिक्का, आणि शिक्का नसला तर विक्रेते अंक ठेवायलाच तयार नसत.

म्हणजे पुढची सतरा वर्षं अमेरिकन मुलांच्या कॉमिक्समधला हवालदार लाच खाऊच शकत नव्हता. बाहेर काय चाललं होतं? व्हिएतनामचं युद्ध. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमधले खून दुपटीहून जास्त झाले होते. फ्रँक सर्पिको या पोलिसाने खात्यातल्या लाचखोरीला तोंड फोडलं आणि १९७० साली चौकशीसाठी नॅप आयोग बसला. अर्ध्या शहराला ठाऊक असलेली गोष्ट कॉमिक्समध्ये छापायला बंदी होती.

१९७१ साली कोड सैल झाला. गुन्हेगाराचं थोडं सहानुभूतीचं चित्रण चालेल, भ्रष्ट अधिकारीही चालेल, फक्त तो अपवाद म्हणून दाखवा आणि शेवटी त्याला शिक्षा होऊ द्या. त्याच वर्षाच्या शेवटी क्लिंट ईस्टवूडचा 'डर्टी हॅरी' आला. नियमांत अडकलेल्या खात्यातला, नियम मोडणारा इन्स्पेक्टर. १९७४ साली चार्ल्स ब्रॉन्सनचा 'डेथ विश' आला. त्यात बायकोचा खून झालेला एक साधा वास्तुविशारद रात्री रस्त्यावर उतरून लुटारूंना गोळ्या घालत सुटतो. ज्या कादंबरीवर हा बेतला तिचा लेखक ब्रायन गारफिल्ड मात्र चित्रपटावर नाराज होता. असा माणूस कसा ढासळत जातो ते त्याला सांगायचं होतं, पडद्यावर त्याचा नायक झाला. आणि या दोन चित्रपटांच्या मधोमध, १९७३ साली, आपल्याकडे 'जंजीर' आला. आईवडिलांचा खून पाहिलेला, कायद्याने काही होत नाही म्हणून चिडलेला इन्स्पेक्टर विजय. आपण मोठे झालो ते त्याच्या टाळ्या ऐकत. रागाची साथ त्या काळात दोन्हीकडे होती, एवढाच त्याचा अर्थ.

याच हवेत पनिशर जन्मला. फेब्रुवारी १९७४ची तारीख असलेला 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा १२९वा अंक. लेखक जेरी कॉनवे, जेमतेम विशी ओलांडलेला पोरगा. त्या काळात डॉन पेंडल्टनच्या मॅक बोलन या कादंबरीमालिकेची चलती होती. व्हिएतनामहून परतलेला सैनिक माफियाशी एकट्याने युद्ध पुकारतो, अशी ती मालिका. कॉनवेने तिच्यावरून स्फूर्ती घेतली. त्याला नाव द्यायचं होतं 'असॅसिन', म्हणजे मारेकरी. 'पनिशर' हे नाव सुचवलं स्टॅन लीने. कॉनवेने काढलेल्या कच्च्या चित्रात छातीच्या एका बाजूला छोटीशी कवटी होती. जॉन रोमिटा या चित्रकाराने ती वाढवून अख्ख्या छातीभर केली आणि कवटीचे दात खाली कमरेच्या काडतुसांच्या पट्ट्यात मिसळून टाकले. इतकी साधी, इतकी जबरदस्त कल्पना. पन्नास वर्षं टिकली ती या दातांमुळे असं आपलं मला वाटतं.

आता गंमत बघा. त्या पहिल्या अंकात पनिशर नायक नाहीच! तो स्पायडरमॅनला मारायला आलाय. का, तर स्पायडरमॅनने खून केलाय अशी त्याची पक्की खात्री आहे. आणि ती खात्री चूक आहे. कथेतला खरा दुष्ट माणूस त्याला वापरून घेतोय. ज्याला गुन्हेगार ठरवलं तो निर्दोष निघू शकतो, हे पनिशरच्या पहिल्याच गोष्टीचं सार. पुढे १९७५ साली, कोडच्या कक्षेत न येणाऱ्या एका कृष्णधवल मासिकात, त्याची पूर्वकथा आली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सहलीला गेलेल्या त्याच्या बायको-मुलांनी माफियाचा खून पाहिला, म्हणून ती मारली गेली.

पुढची दहा-बारा वर्षं तो दुसऱ्यांच्या अंकांत पाहुणा म्हणून येत-जात राहिला. १९८४च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नार्ड गेट्झ नावाच्या माणसाने चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या. ते आपल्याला लुटणार होते असं त्याचं म्हणणं. त्यातला एक जन्मभरासाठी अपंग झाला. वर्तमानपत्रांनी ब्रॉन्सनची आठवण काढली, अनेक लोकांनी गेट्झला डोक्यावर घेतलं. १९८७ साली ज्यूरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून सोडलं, फक्त विनापरवाना पिस्तूल बाळगल्याबद्दल दोषी धरलं. आणि १९८६ साली पनिशरची स्वतःची पाच अंकांची मालिका निघाली, १९८७ साली कायमची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची तीन-तीन मासिकं एकाच वेळी चालू होती. एका खटल्यामुळे कॉमिक्स खपलं असा दावा मी करत नाही. पण दोघांचा वाचकवर्ग एकाच शहरात राहत होता, हे तर खरंच. पुढे १९९५ पर्यंत तिन्ही मासिकं बंद पडली. मग २००० साली गार्थ एनिस आणि स्टीव्ह डिलन यांनी काळ्या विनोदाची फोडणी देऊन त्याला परत आणलं. माझ्या चित्रपटातले चाळकरी शेजारी त्यांच्याच मालिकेतून आलेत. त्यातला तो अंगभर टोचून घेतलेला डेव्ह! गुंड पक्कडीने त्याच्या चेहऱ्यावरच्या रिंगा एकेक उपटतात आणि तो कॅसलचा पत्ता सांगत नाही. माझ्या लेखी त्या चित्रपटातला शूर माणूस तो आहे.

*

आता माझ्या आनंदाकडे वळतो.

चित्रपट आपल्याला एक फार मोठी सवलत देतो. आपण गुन्हा डोळ्यांनी बघितलेला असतो. लिव्हिया काय म्हणाली, कत्तलीत कोण होतं, सगळं कॅमेऱ्याने दाखवलेलं. त्यामुळे पुराव्याची गरज नाही, वकिलाची नाही, साक्षीदार फुटायची भीती नाही. आपण न्यायाधीश नसतो, आपण साक्षात चित्रगुप्त असतो! आणि चित्रगुप्ताच्या वहीत चूक नसते, त्यामुळे शिक्षेचा आनंद निर्भेळ मिळतो. रोजच्या जगण्यात तो कधीच मिळत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घराचा जमिनीचा दावा आजोबांनी लावला तो नातू लढवतोय. अशा घरातल्या माणसाला दोन तासांत हिशेब पुरा करणारा नायक आवडला तर त्याला मी काय बोलू?

ही सवलत काढून घेतली तर काय होतं, तेही एका पनिशर चित्रपटाने दाखवलंय. २००८ सालचा 'पनिशर: वॉर झोन'. बाई दिग्दर्शक, लेक्सी अलेक्झांडर. त्यात कॅसल गुंडांच्या टोळीवर तुटून पडतो आणि मेलेल्यांत एक निघतो वेषांतर करून टोळीत शिरलेला एफबीआयचा माणूस. त्याला बायको आहे, लहान मुलगी आहे. म्हणजे कॅसल त्या घराच्या बाबतीत सेंटच्या जागी जाऊन बसला. चित्रपट रक्ताने बरबटलेला आहे, तिकीटबारीवर तो सपशेल पडला, पण हा एक प्रश्न त्याने प्रामाणिकपणे मांडला. कॉनवेच्या पहिल्या अंकातलाच प्रश्न, चौतीस वर्षांनी.

कवटीचं पुढे काय झालं? ती पुस्तकातून बाहेर पडली. इराकमध्ये लढलेल्या ख्रिस काईल या अमेरिकन नौदलाच्या स्नायपरने २०१२च्या आत्मचरित्रात सांगितलंय की त्यांच्या तुकडीने पनिशरची कवटी गाड्यांवर आणि चिलखतांवर रंगवली होती. सैनिकांकडून ती पोलिसांकडे आली. २०१७ साली केंटकीतल्या कॅटलेट्सबर्ग या छोट्या गावच्या पोलिसांनी ती गस्तीच्या गाड्यांवर चिकटवली आणि टीका झाल्यावर काढली. जानेवारी २०२१मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनात घुसलेल्या जमावातही काहींच्या अंगावर ती दिसली.

जेरी कॉनवे हे बघून अस्वस्थ झाला. २०१९ साली त्याने मुलाखतीत सांगितलं की पनिशर म्हणजे न्यायव्यवस्था कोसळल्याची खूण आहे, आणि त्या व्यवस्थेच्याच माणसांनी ती मिरवणं हे सरकारी इमारतीवर दक्षिणेच्या बंडखोरांचा झेंडा लावण्यासारखं आहे. त्याच वर्षीच्या एका अंकात दोन पोलीस पनिशरला भेटून हरखून जातात, गाडीवरचं कवटीचं स्टिकर दाखवतात. तो ते टरकन फाडतो. तुम्ही कायद्याची शपथ घेतलीय, मी ती केव्हाच सोडली, आदर्शच हवा असेल तर कॅप्टन अमेरिका आहे, अशा अर्थाचं बजावतो. २०२२च्या नव्या मालिकेत तर मार्व्हलने कवटीच बदलली, तिला शिंगं आली. जुन्या स्टिकरांवर काही परिणाम झाला नाही. गाडीला चिकटलेली गोष्ट छापखान्याचं ऐकत नाही.

*

ही कवटी पुण्यातही आहे. बुलेटच्या टाकीवर, मोबाईलच्या कव्हरवर, रिक्षाच्या काचेवर. माझ्या भाच्याच्या गाडीवर आहे. भाचा पीएसआयच्या परीक्षेचा अभ्यास करतो, पहाटे साडेचारला उठून मैदानावर धावतो, मुलगा गुणी आहे. मी विचारलं, "हे कशाचं रे?" 

"कुठल्यातरी कमांडोंचं आहे ना मामा? भारी दिसतं."

मी त्याला सांगितलं, बायको-मुलं गेलेल्या एका माणसाचं आहे. कमांडोंनी नंतर घेतलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पण मामा, कायद्याने होतं का काही? तूच सांग." 

सांगणं सोपं नव्हतं. जमिनीच्या दाव्याचं ते घर त्यालाही माहीत आहे. मी त्याला हैदराबादची आठवण करून दिली. नोव्हेंबर २०१९मध्ये तिथे एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिला मारलं. ६ डिसेंबरला चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या, देशभर पेढे वाटले. ती बातमी बघताना आमच्याही घरात कुणी हळहळलं नव्हतं. मग सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकरांचा आयोग नेमला. २०२२ साली आयोगाने अहवाल दिला की गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या होत्या, चौघांतले तिघं घटनेच्या वेळी अल्पवयीन होते आणि दहा पोलिसांवर खटला चालवायला हवा. त्या चौघांनी गुन्हा केला होता की नव्हता? ते सिद्ध व्हायची जागा कोर्ट होती आणि आता ते कोर्टात कधीच सिद्ध होणार नाही. त्या मुलीच्या आईवडिलांनाही मग कायमची मिळाली ती फक्त पोलिसांची गोष्ट. चित्रगुप्ताची वही तिथे कुणाकडेच नव्हती.

भाच्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "मी काय कुणाला मारायला निघालोय का? स्टिकर आहे नुसतं." बरोबर आहे त्याचं. पण उद्या तो खाकी घालेल, ठाण्यासमोर ती गाडी उभी राहील आणि तक्रार घेऊन आलेला एखादा गरीब माणूस आधी ती कवटी बघेल. त्याला कॉमिक्स ठाऊक नसणार. त्याच्या लेखी कवटी म्हणजे विजेच्या खांबावरची पाटी: धोका, हात लावू नका.

हे मी भाच्याला म्हटलं. तो हसला. स्टिकर अजून आहे. मी काढ म्हणणार नाही, वय त्याचं आहे आणि गाडीही त्याची आहे. परीक्षा पास झाला की पुन्हा एकदा विषय काढीन.

असो. चित्रपट मला अजूनही आवडतो आणि टीव्हीवर लागला तर बघणार. वाईट माणसाला शिक्षा व्हावी असं वाटण्यात मला काही गैर दिसत नाही. ते वाटणंच संपलं तर कोर्टंसुद्धा कशाच्या जोरावर चालतील? फक्त आता शेवटाकडे माझं जास्त लक्ष जातं. सगळे शत्रू संपल्यावर कॅसल घरी येतो, रिकाम्या खोलीत एकटा बसतो आणि पिस्तूल स्वतःच्या डोक्याकडे नेतो. बायकोचा भास होतो म्हणून हात थांबतो. शेजाऱ्यांसाठी पैसे ठेवून तो निघून जातो. सूड पुरा झालाय, पोराने दिलेल्या टी-शर्टने काहीही दूर ठेवलेलं नाही आणि अख्ख्या चित्रपटात त्याच्या चेहऱ्यावर समाधान शोधून सापडत नाही. मजा सगळी आपल्याला आलेली असते.